मागाल तेवढेच: लेझी सिक्वेन्स कशी चालते आणि कुठे अडवते

नागपूरच्या धरमपेठेतल्या एखाद्या घराच्या गच्चीवर तापमान मोजणारे छोटे यंत्र बसवले आणि ते दर मिनिटाला फाइलमध्ये एक ओळ लिहू लागले, तर दिवसाला १,४४० आणि वर्षाला ५,२५,६०० ओळी साठतात. ओळीत तारीख, वेळ आणि तापमान एवढेच असते. वर्ष संपल्यावर या फाइलला एक प्रश्न विचारायचा आहे: १ जानेवारीपासून पाहत गेल्यास पारा ४५ अंशांच्या वर गेल्याच्या पहिल्या तीन नोंदी कोणत्या? नागपुरात राहणाऱ्याला उत्तर साधारण कुठे सापडेल ते ठाऊक असते. मेच्या अखेरीस नवतपा लागेपर्यंतसुद्धा थांबावे लागणार नाही आणि डिसेंबरच्या ओळी चाळण्याचे तर काहीच कारण नाही.

हा प्रश्न प्रोग्रामने सोडवण्याचे दोन रुळलेले मार्ग आहेत. पहिला मार्ग लूपचा. एक ओळ वाचायची, तिच्यातून तापमान काढायचे, ते ४५ च्या वर आहे का ते पाहायचे, असेल तर मोजणी एकने वाढवायची आणि तीन झाल्या की बाहेर पडायचे. हा मार्ग काटकसरी आहे, पण वाचणे, तपासणे, मोजणे आणि थांबणे ही चारही कामे त्यात एकमेकांत इतकी गुंततात की उद्या "पहिल्या तीन" ऐवजी "पावसाळ्याआधीच्या शेवटच्या दहा" अशी मागणी आली तर सगळाच लूप नव्याने लिहावा लागतो. दुसरा मार्ग कामे वेगळी करण्याचा. आधी सगळ्या ओळींची यादी करायची, मग सगळ्यांतून तापमान काढून दुसरी यादी करायची, मग गाळून तिसरी करायची आणि शेवटी तिच्यातल्या पहिल्या तीन घ्यायच्या. असा प्रोग्राम वाचायला स्वच्छ असतो, पण तीन नोंदींसाठी सव्वापाच लाख ओळी दोनदा-तीनदा तुडवल्या जातात.

लेझी सिक्वेन्स, म्हणजे मागितल्यावरच आपले घटक काढून देणारी यादी, ही दुसऱ्या मार्गाची स्वच्छता आणि पहिल्या मार्गाची काटकसर एकत्र आणते. ती हे कसे साधते, हे एकदा नीट पाहिले की पुढच्या बऱ्याचशा अडचणी आपोआप समजतात, म्हणून इथे थोडे सावकाश जाणे योग्य ठरेल. उदाहरणासाठी क्लोजर ही भाषा घेऊ. रिच हिकी यांनी २००७ मध्ये ती जाहीर केली. ती लिस्पच्या घराण्यातली असून जावाच्या व्हर्च्युअल मशीनवर चालते, त्यामुळे जावा जाणणाऱ्याला तिच्या भोवतालचे जग परके वाटत नाही.

क्लोजरमध्ये वरचा प्रश्न चार तुकड्यांत मांडला जातो. लाइन-सेक हे फंक्शन फाइलमधल्या ओळींची सिक्वेन्स देते, मॅप प्रत्येक ओळीची नोंद बनवते, फिल्टर ४५ च्या वरच्या नोंदी ठेवते आणि टेक त्यांतल्या पहिल्या तीन घेते. कागदावर हे हुबेहूब दुसऱ्या मार्गासारखे दिसते. फरक असा की मॅप किंवा फिल्टर यांना बोलावल्यावर ते लगेच कामाला लागत नाहीत. काम कसे करायचे याची कृती मनात बाळगून असलेली एक वस्तू ते आपल्या हाती देतात आणि स्वस्थ राहतात. चारही तुकडे एकमेकांना जोडून झाले तरी तोपर्यंत फाइलमधली पहिली ओळ तेवढी वाचलेली असते, कारण लाइन-सेक पहिली ओळ मात्र लगेच उचलते. हा बारकावा पुढे उपयोगी पडणार आहे.

आता पडद्यावर उत्तर छापणारा भाग पहिली नोंद मागतो. टेक ती मागणी फिल्टरकडे सरकवते, फिल्टर मॅपकडे आणि मॅप लाइन-सेककडे. १ जानेवारीच्या मध्यरात्रीची ओळ येते, मॅप तिची नोंद करते, तापमान १३ अंश निघते, फिल्टर ती नाकारते आणि पुढची मागते. पुन्हा एक ओळ, पुन्हा नकार. असे करत करत, समजा १० मे रोजी दुपारी दोन वाजता पारा पहिल्यांदा ४५ च्या वर गेला, तर तोपर्यंत सुमारे १,८६,६०० ओळी एकेक करून वर आलेल्या असतात आणि नाकारल्या गेलेल्या असतात. नाकारलेली ओळ कोणी धरून ठेवत नाही, म्हणून मेमरीत एका वेळी मोजक्याच ओळी असतात. स्वीकारलेली नोंद फिल्टरकडून टेककडे आणि टेककडून छापणाऱ्याकडे जाते, मगच दुसरी मागितली जाते. पुढच्या दोन मिनिटांतही पारा वरच राहिला तर तिसरी नोंद मिळते आणि टेक सांगते की सिक्वेन्स इथे संपली. उरलेल्या सुमारे ३,३९,००० ओळींना कोणीही हात लावत नाही. थांबायचे कुठे हे फिल्टरला माहीत नव्हते, मॅपलाही नव्हते आणि फाइल वाचणाऱ्यालाही नव्हते. मागणी थांबली म्हणून ते थांबले.

आतली रचना साधी आहे. सिक्वेन्सच्या प्रत्येक दुव्यात एक घटक असतो आणि उरलेली सिक्वेन्स कशी काढायची याची कृती असते. उरलेला भाग पहिल्यांदा मागितला गेला की ती कृती चालते, तिचे उत्तर त्याच जागी साठवले जाते आणि कृती टाकून दिली जाते. दुसऱ्यांदा मागणाऱ्याला साठवलेले उत्तर मिळते. पायथनमधल्या जनरेटरशी हा महत्त्वाचा फरक आहे. जनरेटर एकदा शेवटपर्यंत वापरला की रिकामा होतो, तर लेझी सिक्वेन्स कितीही वेळा आणि कितीही ठिकाणी पहिल्यापासून वाचता येते. हा गुण मोठा आहे, आणि मेमरीच्या तक्रारी सुरू होतात त्याही याच गुणातून.

मागितल्याशिवाय काम होत नसेल, तर सिक्वेन्सला शेवट असण्याचीही गरज उरत नाही. इटरेट हे फंक्शन एक सुरुवात आणि एक नियम घेते आणि तो नियम पुन्हा पुन्हा लावून तयार होणारी अनंत सिक्वेन्स देते. याचा खरा उपयोग कुठे आहे, ते वर्गमूळ काढण्याच्या जुन्या रीतीत फार चांगले दिसते. २ चे वर्गमूळ हवे असेल तर १ पासून सुरुवात करायची, हातातल्या अंदाजाने २ ला भागायचे आणि आलेला भागाकार व तो अंदाज यांची सरासरी घ्यायची. ती सरासरी म्हणजे पुढचा, अधिक चांगला अंदाज. इटरेटला हा नियम दिला की १, १.५, १.४१६६६७, १.४१४२१६, १.४१४२१४ अशी कधीही न संपणारी सिक्वेन्स मिळते. थांबायचे केव्हा, हे वेगळे फंक्शन ठरवते. लागोपाठच्या दोन अंदाजांतला फरक ०.०००१ पेक्षा कमी झाला की थांब, असे त्याला सांगितले तर ते पाचव्या घटकावर थांबते. उद्या अधिक अचूकता हवी झाली तर थांबवणारे फंक्शन बदलायचे, अंदाज काढणाऱ्याला हात लावायचा नाही. आणि तेच थांबवणारे फंक्शन एखाद्या क्षेत्रफळाच्या किंवा उताराच्या अंदाजांनाही जसेच्या तसे लावता येते. जॉन ह्यूज यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात याच उदाहरणाने दाखवले होते की निर्मिती आणि निवड यांना वेगळे करता येणे हा प्रोग्राम जोडण्याचा एक नवा सांधा आहे. लेझी सिक्वेन्स शिकण्यासारखी का आहे, या प्रश्नाला माझ्या मते याहून चांगले उत्तर कोणी दिलेले नाही. वेळ वाचतो हा त्या मानाने दुय्यम लाभ आहे.

ही कल्पना क्लोजरपेक्षा बरीच जुनी आहे. १९७६ मध्ये पीटर हेंडरसन व जेम्स मॉरिस यांनी आणि त्यांच्याहून स्वतंत्रपणे डॅनियल फ्रीडमन व डेव्हिड वाइज यांनी तिची मांडणी केली. डेव्हिड टर्नर यांनी आपल्या भाषांतून ती रुजवली आणि १९९० मध्ये आलेल्या हॅस्केलने तर ती संपूर्ण भाषेचा पायाच केली. हॅस्केलमध्ये साधी बेरीजसुद्धा उत्तर मागितले जाईपर्यंत होत नाही, पण पडद्यावर छापणे किंवा फाइलमध्ये लिहिणे अशी बाहेरच्या जगाला स्पर्श करणारी कामे तिथे टाइपच्या साहाय्याने वेगळी ठेवली जातात. क्लोजरमध्ये भाषा एकूण तत्पर, म्हणजे सांगताच काम करणारी, आहे आणि फक्त सिक्वेन्स लेझी आहेत. शिवाय छापणे, लिहिणे, नेटवर्कवर जाणे यांवर कसलेही कुंपण नाही. तत्पर आणि लेझी यांची सीमा जिथे येते तिथेच क्लोजर शिकणाऱ्यांचे घोडे अडते.

पहिली अडचण फाइल बंद होण्याची. शिकाऱ्याने वर्षाच्या नोंदी देणारे एक फंक्शन लिहिले आहे असे समजा. विथ-ओपन या रचनेत फाइल उघडायची, लाइन-सेक आणि मॅप लावायचे आणि तयार सिक्वेन्स परत करायची, एवढेच त्यात आहे. विथ-ओपनचे काम असे की तिच्यातून बाहेर पडताना ती फाइल न चुकता बंद करते. फंक्शन कोणतीही तक्रार न करता संपते. मग छापण्यासाठी नोंदी मागितल्या जातात. पहिली नोंद व्यवस्थित येते आणि दुसरीला "स्ट्रीम क्लोज्ड" अशी चूक येते. पहिली का आली, हे वरच्या बारकाव्यावरून कळते. फाइल उघडी असतानाच लाइन-सेकने पहिली ओळ उचललेली होती. बाकीच्या ओळींची नुसती कृती परत गेली, आणि ती चालवण्याची वेळ आली तेव्हा फाइल मिटलेली होती. चूक ज्या ओळीवर दिसते ती छापण्याची असते आणि दोष असतो तो फाइल उघडणाऱ्या फंक्शनमध्ये, म्हणून शोधणारा बराच वेळ भलतीकडेच पाहत बसतो.

यावर डूऑल हे फंक्शन वापरता येते. ते सिक्वेन्स शेवटपर्यंत मागून घेते आणि मग परत करते. पण मग सगळ्या नोंदी मेमरीत येतात आणि लेझी असण्याचा फायदा त्या ठिकाणी संपतो. मला अधिक पटणारी रीत वेगळी आहे. फाइल उघडणाऱ्या फंक्शनने सिक्वेन्स बाहेर द्यायचीच नाही. उलट, नोंदींचे काय करायचे ते सांगणारे फंक्शन आत घ्यायचे, फाइल उघडी असताना त्याच्याकडून काम पुरते करून घ्यायचे आणि बाहेर फक्त अंतिम उत्तर द्यायचे. पहिल्या तीन नोंदी हव्या असतील तर त्या व्हेक्टरमध्ये, म्हणजे क्लोजरच्या तयार यादीत, भरून द्यायच्या, सर्वांत जास्त तापमान हवे असेल तर एक आकडा द्यायचा. फाइल जिथे उघडली तिथेच मागणी पूर्ण झाली की बंद होण्याचा प्रश्नच राहत नाही.

चुका झेलणाऱ्या ट्राय आणि कॅच यांच्या बाबतीतही हेच घडते. मॅपला दिलेले फंक्शन एखाद्या बिघडलेल्या ओळीवर अडखळणार असेल आणि मॅपभोवती ट्राय लावलेला असेल, तरी ती चूक ट्रायच्या आत उद्भवत नाही. ती उद्भवते मागणीच्या वेळी, म्हणजे ट्रायमधून बाहेर पडून बराच काळ लोटल्यावर, आणि तेव्हा तिला झेलायला तिथे कोणीही नसते.

नागपूरच्या महाविद्यालयांतून जावा किंवा पायथन शिकून येणाऱ्या तरुणांना याहूनही जास्त कोड्यात टाकणारी गोष्ट म्हणजे काहीच न घडणे. प्रत्येक नोंद डेटाबेसमध्ये टाकायची म्हणून ते मॅपला ते काम देतात. क्लोजरच्या संवादी खिडकीत, म्हणजे रेपलमध्ये, चालवून पाहतात तर सगळे ठीक चालते. तीच ओळ मोठ्या फंक्शनच्या मध्यभागी ठेवली की डेटाबेस रिकामाच राहतो आणि चूकही दिसत नाही. कारण रेपल आलेले उत्तर छापते आणि छापण्यासाठी सिक्वेन्स मागते. फंक्शनच्या मध्यभागी मात्र ती सिक्वेन्स मागणारे कोणी नसते. जावातल्या २०१४ पासूनच्या स्ट्रीमलाही शेवटी मागणारी क्रिया जोडली नाही तर ती अशीच मुकी राहते, त्यामुळे जावा लिहिणाऱ्याने हे एकदा तरी पाहिलेले असण्याचा संभव असतो. क्लोजरमध्ये परिणाम घडवण्यासाठी डूसेक किंवा रन ही तत्पर साधने आहेत आणि अशा कामासाठी तीच वापरावीत. मॅप हे मूल्यापासून मूल्य काढण्यासाठी आहे. त्याच्या पोटात डेटाबेसचे काम लपवून बाहेरून डूऑल लावणे चालते, पण पुढच्या वाचणाऱ्याची दिशाभूल करते.

मागितले तेवढेच काम होते, हे विधानही क्लोजरमध्ये पुरते खरे नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात रसवंतीवर एकच ग्लास मागितला तरी चरकात अख्खा ऊसच जातो, तसे क्लोजर अनेकदा ३२ घटक एका दमात काढते. हा आकडा व्हेक्टरच्या आतल्या रचनेतून आला आहे, कारण त्याच्या प्रत्येक गाठीत ३२ घटक बसतात. आवृत्ती १.१ पासून व्हेक्टर किंवा मर्यादित रेंज (सलग आकड्यांची मालिका) यांच्यावर मॅप लावले की ते ३२-३२ च्या गठ्ठ्यांनी चालते, कारण दर घटकामागे दुवा तयार करण्याचा खर्च त्यामुळे वाटला जातो. शंभर घटकांच्या व्हेक्टरवर छापणारे फंक्शन मॅप करून फक्त पहिला घटक मागून पाहा: पडद्यावर ३२ ओळी उमटतील. मूल्यांची आकडेमोड असेल तर याने काही बिघडत नाही. पण मॅपला दिलेले फंक्शन दर घटकाला एखाद्या सर्व्हरकडून माहिती आणत असेल तर एका उत्तरासाठी ३२ फेऱ्या होतात. लाइन-सेक आणि इटरेट मात्र एकेक घटकच देतात, म्हणून आपल्या फाइलचा वर केलेला हिशोब बरोबर ठरतो. एकच घटक आणि तोही महागडा, अशी गरज असेल तर गठ्ठ्यांवर किंवा त्यांच्या अभावावर विसंबू नये. घटक एकेक घेत एकच उत्तर बनवणाऱ्या रिड्यूसने घटक पाहत जावे आणि हवा तो मिळताच रिड्यूस्ड वापरून थांबावे.

मेमरीचा प्रश्न अधिक खोल आहे. यंत्र १० वर्षे चालले तर ५२ लाखांहून अधिक ओळी होतात. एका नोंदीला मेमरीत २०० बाइट लागतात असे धरले तरी सगळ्या मिळून १ जीबीच्या वर जातात. सिक्वेन्स एकदाच वाचून सोडून दिली तर हा आकडा आपल्याला शिवतही नाही, कारण मागचे दुवे गार्बेज कलेक्टर, म्हणजे वापरात नसलेली मेमरी मोकळी करणारी यंत्रणा, उचलत राहतो. पण सरासरी काढायची आहे असे समजा. शिकाऱ्याला सुचणारा सरळ मार्ग म्हणजे सिक्वेन्सला एक नाव द्यायचे, तिची बेरीज करायची, तिचे घटक मोजायचे आणि भागाकार करायचा. बेरीज चालू असते तेव्हा पुढे मोजणीसाठी तेच नाव लागणार असते, म्हणून सिक्वेन्सचे डोके, म्हणजे पहिला दुवा, धरलेले राहते. डोके धरले की त्यापासून निघणारा प्रत्येक दुवा धरला जातो, आणि एकदा काढलेले उत्तर साठवून ठेवण्याचा जो गुण होता त्यामुळे १० वर्षांच्या सगळ्या नोंदी मेमरीत ठाण मांडतात. आधी मोजणी आणि मग बेरीज केली तरी काही बदलत नाही. क्लोजरचा कंपायलर एखाद्या स्थानिक नावाचा शेवटचा वापर झाला की त्याचा संदर्भ सोडून देतो, पण इथे शेवटचा वापरच दुसऱ्या फेरीत आहे, म्हणून पहिल्या फेरीत तो काही करू शकत नाही. डेफ वापरून सिक्वेन्सला वरच्या पातळीवर नाव दिले असेल तर ती प्रोग्राम चालू असेपर्यंत सुटतच नाही.

उपाय एकाच फेरीचा आहे. रिड्यूसला बेरीज आणि संख्या अशी जोडी द्यायची आणि प्रत्येक नोंदीला दोन्ही पुढे न्यायचे. कमाल, किमान, ४५ च्या वरची मिनिटे, हे सगळे त्याच फेरीत बसते. अशा, शेवटपर्यंत जाणाऱ्याच कामासाठी २०१५ मध्ये आवृत्ती १.७ बरोबर आलेले ट्रान्सड्यूसर अधिक सोयीचे पडतात. मॅप आणि फिल्टर हेच शब्द त्यांत राहतात, पण मधल्या सिक्वेन्स तयारच होत नाहीत, काही साठवलेही जात नाही आणि काम केव्हा होईल याबद्दल संदिग्धता राहत नाही. सगळी माहिती एका फेरीत संपवायची असेल तर मी ट्रान्सड्यूसर निवडतो. किती लागेल हे आधी ठाऊक नसेल, किंवा एकच सिक्वेन्स अनेक ठिकाणी वाचायची असेल, तर लेझी सिक्वेन्स.

आणखी एक दोष लहान माहितीवर कधीच दिसत नाही. दर दिवसाची वेगळी फाइल असेल तर १० वर्षांत ३,६५० च्या आसपास फाइली होतात, आणि त्यांच्या नोंदी सलग जोडण्यासाठी रिड्यूस व दोन सिक्वेन्स जोडणारे कॉनकॅट यांची जोडी सहज सुचते. कॉनकॅट हेही लेझी आहे. पहिल्या दोन दिवसांची जोड होते, तिच्याभोवती तिसऱ्या दिवसाची, तिच्याभोवती चौथ्याची, आणि प्रत्यक्षात काहीच न जोडता हजारो थरांची एकात एक अडकलेली सिक्वेन्स तयार होते. पहिली नोंद मागितली की ती मागणी सर्वांत बाहेरच्या थरापासून सर्वांत आतल्या थरापर्यंत उतरत जाते, प्रत्येक थर स्टॅकवर, म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या कामांसाठी राखलेल्या मर्यादित मेमरीत, आपली जागा घेतो आणि स्टॅक अपुरा पडून प्रोग्राम कोसळू शकतो. आठवड्याभराच्या सात फाइलींवर तपासणी केली तर सगळे हिरवे दिसते. मॅपकॅट वापरले की हे थर रचले जात नाहीत, कारण ते दिवसांच्या यादीवरून सपाटीने पुढे सरकत जाते. किंवा सगळ्या नोंदी मेमरीत मावणार असतील तर रिड्यूसमध्ये कॉनकॅटच्या जागी इंटू लिहून त्या तत्परपणे एका व्हेक्टरमध्ये भरत जाता येतात.